गोदामातला दुसरा राऊटर: राऊटरच ठेवायचा की नुसता एपी (फक्त वायफाय पसरवणारा डबा) करायचा?

डीपीखाली:
गावोगावच्या कृषी केंद्रांत एकच थाट. पुढे फायबरवाल्याचा डबा, मागच्या गोदामासाठी ३० मीटर केबल ओढून दुसरा राऊटर, अन् केबल खोचलेली वॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या नेटच्या भोकात. म्हणजे नॅटवर नॅट, आतले पत्ते बदलून बाहेर पाठवायचं काम दोनदा. माझं म्हणणं, दुसऱ्याला एपी करा. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करा, मगच केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये टाका. डीएचसीपी चालू राहिलं तर दोघंही पत्ते वाटतात, आणि ज्या मोबाइलला दुसऱ्याकडून गेटवे (बाहेर जायचं दार) मिळाला त्याचं नेट बंद.

पांदणवाला:
एपी केलं की सगळे एकाच नेटवर्कात, हेच तर दुखणं आहे भाऊ. बाकड्यावर बसलेल्यांचे पन्नास मोबाइल अन् बिलिंगचा कॉम्प्युटर शेजारी शेजारी? दोन राऊटर म्हणजे दोन वाडे. आतल्याला १९२.१६८.२.१ द्या, काम झालं. दोन्हीकडे १.१ ठेवलं तर मात्र घोळ. आणि डबल नॅटनं स्पीड मरतो ही अफवा आहे. पॅकेटवरचा पत्ता अन् पोर्ट आणखी एकदा बदलायला मिलिसेकंदही लागत नाही.

डीपीखाली:
स्पीडचं मी बोललोच नाही. तुमच्या वाड्याला कुंपण एकाच बाजूनं आहे. आतल्या राऊटरमागचा मोबाइल बाहेरच्या प्रिंटरपर्यंत बिनधास्त जातो. बाहेरून आत येता येत नाही, कारण नॅटच्या तक्त्यात आतून सुरू झालेल्या जोडणीचीच नोंद असते. म्हणजे बिलिंग आत अन् गिऱ्हाईक बाहेर हवं. आता गोदामाच्या राऊटरचा पासवर्ड कोणाकोणाला दिलाय ते आठवा.

संत्राबाग:
तुम्ही दोघं वॅन-लॅन करत बसा, निम्म्या तक्रारी लाइट जाण्याच्या असतात. डबा नव्यानं सुरू झाला की बऱ्याच स्वस्त मॉडेलांत वाटलेल्या पत्त्यांची वही कोरी. प्रिंटरला .१०४ ऐवजी .१०७ मिळतो, कॉम्प्युटर मात्र .१०४ वरच प्रिंट पाठवत राहतो. प्रिंटरचा पत्ता त्याच्या मॅकवरून (यंत्राच्या स्वतःच्या नंबरावरून) राखून ठेवा. दुसरं, लीज (पत्ता वापरायची मुदत) २४ तासांची अन् वाटायला पन्नासच पत्ते असतील तर पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला एक्कावन्नावा माणूस 'आयपी पत्ता मिळवत आहे' बघत बसतो. लीज दोन तासांवर आणा, वाटप .१०० ते .२४९ करा.

पांदणवाला:
लीजचं मान्य. कॅमेऱ्याचं काय? डीव्हीआर (कॅमेऱ्याचा रेकॉर्डर) मोबाइलवर बघायचा तर डबल नॅटमध्ये पोर्ट दोनदा फॉरवर्ड करावा लागतो, म्हणजे बाहेरून आत यायची वाट दोनदा उघडावी लागते, हे आता कोणीतरी म्हणेलच.

संत्राबाग:
आधी डब्याच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तो २०१२ साली ऑपरेटरांच्या नॅटसाठी राखलेल्या पट्ट्यातला. मग एकदा फॉरवर्ड करा की दहादा, बाहेरून कोणी पोचत नाही. स्टॅटिक आयपी (बाहेरून पोचता येणारा, न बदलणारा पत्ता) घ्या, नाहीतर डीव्हीआर कंपनीच्या क्लाउडवर जोडा.

डीपीखाली:
पण कॅमेरा गोदामात अन् रेकॉर्डर काउंटरवर असेल तर रेकॉर्डरला तो दिसणारच नाही. तिथं एपीच लागतं.

पांदणवाला:
तुमच्याच न्यायानं सांगतो. बाकड्याला पुढच्या डब्याचं वायफाय, आणि काउंटर, प्रिंटर, कॅमेरा सगळं दुसऱ्या राऊटरमागे. राऊटर काउंटरखाली आणा, वॅनची केबल वॅनमध्येच राहू द्या.

डीपीखाली:
मग गोदामात वायफाय कुठलं?

पांदणवाला:
तिसरा डबा. तो एपी करा.