मदत हवी आहे: रस्त्याने शेत तोडलं, विहीर पलीकडे राहिली

हवेली तालुका, 2013 च्या भूसंपादन कायद्याने रस्त्यासाठी संपादन. 62 गुंठ्यांपैकी मधले 20 जातात. विहीर आणि 12 गुंठे पलीकडे, भाजीचे 30 अलीकडे. संयुक्त मोजणीत विहीर 'बाधित नाही' म्हणून सोडली, 3 इंची पाइपलाइन तेवढी धरली. पाण्यावाचून ते 30 गुंठे म्हणजे नुसता प्लॉट, आणि दलाल तेच हेरून आहेत. विकायचं नाही. अलीकडे दोन बोअर कोरड्या गेल्या. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, हिस्सेदारांचा वाद नाही. कलम 28 खाली जमीन तुटल्याच्या नुकसानीचा अर्ज देऊन पोच घेतली, निवाडा (भरपाईचा अंतिम आदेश) व्हायचाय. रस्त्याखालून पाइप न्यायला भराव पडण्याआधीच केसिंग (पाइप आतून ओवायचं मोठं नळकांडं) टाकून घ्यायचं, तर अर्ज भूसंपादन अधिकाऱ्याकडे करायचा की रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेकडे, आणि खर्च कोणाचा?