'शेतीने तारलं' म्हणणाऱ्यांनी एप्रिल 2020 मध्ये आमच्या बागेत यायला हवं होतं

निफाडकर
'मातीची_ओढ' यांनी काल लिहिलं की कोरोनाने ओस गावं पुन्हा भरली, शेतीने देश तारला आणि लॉकडाऊन खेड्यांसाठी इष्टापत्ती ठरली. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा वेगळा धागा.

24 मार्चला रात्री आठला घोषणा झाली, बारापासून सगळं बंद. आमची अडीच एकर थॉमसन द्राक्षं तोडणीला आलेली. व्यापारी सौदा ठरवून, विसार देऊन गेला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. पेठ-सुरगाण्याचे मजूर पायी घराकडे निघून गेले. मणी गळायला लागले तेव्हा आईने पेटीतल्या जुन्या साड्या काढल्या, त्या बागेत अंथरून आम्ही घरच्या पाच माणसांनी बेदाणा टाकला. रंग धरलाच नाही, काळपट झाला. औषधांची उधारीसुद्धा त्यातून फिटली नाही.

एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था जवळपास 24 टक्क्यांनी आकसली आणि शेती 3.4 टक्क्यांनी वाढली, हे मलाही माहीत आहे. ती वाढ उत्पादनाची. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, हे त्यात दिसत नाही. शिवाय सरकारचीच श्रमशक्ती पाहणी बघा: 2018-19 मध्ये काम करणाऱ्या शंभरातले 42.5 जण शेतीत होते, 2020-21 मध्ये 46.5. तीच जमीन, तीच विहीर, खाणारी तोंडं जास्त. शहरातलं काम गेलं म्हणून माणूस बांधावर येऊन बसला, याला तारणं म्हणायचं का?

मातीची_ओढ
'इष्टापत्ती' शब्द बोचला असेल तर मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

मी चाकणला कंत्राटी कामगार होतो. एप्रिलचा पगार आलाच नाही, ठेकेदाराने फोन उचलणं सोडलं. परभणीकडे आलो. घरात ज्वारी होती, रेशनवर माणशी पाच किलो फुकट मिळत होतं, बायको रोजगार हमीवर जायला लागली. माझी लेकरं एक दिवस उपाशी झोपली नाहीत. चाकणच्या खोलीत राहिलो असतो तर झोपली असती. द्राक्षवाल्यांची शेती म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची शेती नाही, दादा. कोरडवाहूवाला कधी निर्यातीच्या जिवावर जगला?

डोंबिवलीचा_रिक्षावाला
गावाचं एवढं कौतुक चाललंय म्हणून लिहितो. मे महिन्यात आई, बायको, दोन मुलं घेऊन रिक्षानेच राजापूरला निघालो. परवाना होता. वेशीवर आडवी झाडं टाकलेली. माझा सख्खा चुलतभाऊ पलीकडे उभा राहून म्हणाला, "माघारी जा." आई 74 वर्षांची, रात्री अकरापर्यंत रिक्षातच बसून. शेवटी शाळेत 14 दिवस ठेवलं. त्या शाळेचं छप्पर आमच्या मुंबई मंडळाच्या वर्गणीतून झालंय! पैसे चालतात, माणसं चालत नाहीत.

खालची_वाडी
हे दरवेळी ऐकून कान किटले. आमच्या वाडीत निम्मी माणसं साठीच्या पुढची. ऑक्सिजन लागला तर रत्नागिरी गाठायची, गाडी मिळाली तर. आम्ही घाबरलो, त्यात काय चुकलं? दोन वेळचं जेवण शाळेच्या पायरीवर आम्हीच आणून ठेवत होतो, ते लिहा की.

डोंबिवलीचा_रिक्षावाला
जेवण माझ्या मावशीने आणलं, गावाने नाही. आणि लांबून, कुत्र्याला ठेवतात तसं ठेवून जायची लोकं. आईने ते मरेपर्यंत मनात ठेवलं. तुम्हाला कळणार नाही.

खालची_वाडी
माझे वडील जुलैमध्ये गेले. आधीच्या आठवड्यात शेजारच्या घरी मुंबईहून माणसं आली होती. आता मला काय कळतं नि काय नाही, ते तुम्ही ठरवू नका.

आशा_सेविका
भांडू नका. त्या शाळांच्या दारात रोज सकाळी मी उभी असायचे. चाकरमान्यांचा ताप बघायचा, मग वाडीत घरोघर नोंदी. गाववाले म्हणायचे, ही शाळेतून रोग आणते. शाळेतले म्हणायचे, ही गावाच्या बाजूची. माझ्या घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती. केंद्राकडून या कामाचे महिन्याला हजार रुपये जास्तीचे, तेही वेळेवर नाहीत. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं, पुन्हा दारोदार. जून 2021 मध्ये राज्यभर संप करावा लागला, तेव्हा कुठे थोडी वाढ. शेतीने तारलं की गावाने, यावर भांडताय. त्या वेळी माझ्याकडे दोन मास्क होते, रात्री धुवून सकाळी तेच.

निफाडकर
ताई, तुमचं बरोबर आहे.

मातीची_ओढ, रोजगार हमीचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. 2020-21 साठी आधी 61,500 कोटी ठेवले, मग 40,000 कोटी वाढवावे लागले. गावात भरभराट असती तर माती खोदायला एवढी माणसं कशाला आली असती? आणि 8 मेला करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेलेले 16 मजूर? जालन्याहून भुसावळकडे चालले होते, मध्य प्रदेशात घरी जाणारी गाडी धरायला. गावाच्या ओढीनेच निघाले होते ना?

मातीची_ओढ
त्यांचं नाव वादात ओढू नका. मीही चाकण ते शिरूर चालत आलोय, पुढे टेम्पो मिळाला.

भरभराट झाली असं मी म्हणत नाही. गाव नसतं तर मेलो असतो, एवढंच म्हणतो. हो, ऑक्टोबरात अतिवृष्टीने सोयाबीन काळं पडलं आणि दिवाळीनंतर मी परत चाकणला गेलो. आधीपेक्षा कमी पगारावर. यावर तुम्ही म्हणाल, बघा, गावात भागलं नाही. नाही भागलं. म्हणा.

डोंबिवलीचा_रिक्षावाला
खालची_वाडी, वडिलांचं माहीत नव्हतं. तुम्ही कुठल्या वाडीतले?