बूथच्या टेबलामागे बसायला लाज कसली?

मानेवाडाकर

नागपुरातल्या आमच्या लेआउटच्या (वसाहतीच्या) व्हॉट्सॲप ग्रुपचा नियम नंबर एक: राजकीय पोस्ट टाकायची नाही. गुड मॉर्निंग चालतं, हरवलेली मांजर चालते, गडर (गटार) चोक झाली की मनपाच्या झोन ऑफिसच्या नावाने बोटं मोडलेलीही चालतात. राजकारण तेवढं नको. आता गडर म्हणजे काय अध्यात्म आहे का?

मार्च २०२२ मध्ये मनपाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत शहराला नगरसेवकच नव्हता. पावणेचार वर्षांच्या वर प्रशासक. त्याच काळात आमच्या लाइनीत सिमेंट रोड झाला, घरांच्या उंबरठ्यापेक्षा उंच. पहिल्याच पावसात पाणी अंगणात. आम्ही निवेदनं दिली, चाळीस घरांच्या सह्यांची, आवक शिक्का मारून घेतलेली. साहेब बदलले की तीच झेरॉक्स घेऊन नव्या साहेबासमोर पुन्हा 'क'पासून सुरुवात. हा कोणाचा माणूस आहे, याला नाराज करून चालेल का, असा प्रश्न एकाही साहेबाच्या डोळ्यात दिसला नाही. आम्ही कोणाचेच नव्हतो नं!

म्हणून या वेळी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी एका पक्षाच्या टेबलावर बसलो. कोणत्या ते सांगत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वाहून जाईल. १५ जानेवारीचं मतदान, आदल्या दिवशीच संक्रांत, त्यामुळे समोरच्या कडुनिंबाला पतंगी लटकलेल्या. चुन्याच्या रेघेपलीकडे टेबल, त्यावर मतदार यादी, शाळकरी पट्टी आणि लाल पेन. माणूस आला की नाव शोधायचं, ओळीखाली पट्टी धरायची, अनुक्रमांक चिठ्ठीवर उतरवून द्यायचा, मत देऊन परतला की रेघ मारायची. आणि प्रत्येकाला सांगायचं: अ, ब, क, ड, अशी चार मतं आहेत, एक बटण दाबून घरी पळू नका.

त्या यादीने मला माझी लाइन दाखवली. एकोणीस वर्षं इथे राहतो, पण एका घरातली चार माणसं दोन शाळांत फोडलेली आहेत हे त्या दिवशी कळलं. वारलेल्या काकाजींचं नाव शाबूत, उमरेडहून लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव नाही. तिसऱ्या लाइनीत अकरा भाडेकरू कुटुंबं राहतात. त्यातल्या एकाचंही आडनाव मला माहीत नव्हतं, कारण भाडेकरूंना आम्ही ग्रुपमध्ये घेत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक चार घरांतून एकाने कुठल्यातरी पक्षाचं बूथचं काम करावं. ज्याला जो पटेल तो पक्ष. झोन ऑफिसला चार बाजूंनी फोन गेले की बघा.

नाग नदीकाठी

चार बाजूंनी फोन! २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आम्हीही लावले होते.

काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरात शिरली. आमचा फ्रिज आडवा होऊन दाराला टेकला होता, दार आतून उघडेना. बाजूच्या मुलांनी दोर बांधून आजीला वरच्या मजल्यावर नेलं. त्या मुलांतला कोण कोणाला मत देतो, मला आजही माहीत नाही. पाणी उतरल्यावर किट आल्या, प्रत्येक किटवर कोणाचा ना कोणाचा फोटो. नंतर आमच्या भागातले लोक उच्च न्यायालयात गेले ते रहिवासी म्हणून. तिथे कोणी पक्षाचा दुपट्टा गळ्यात घालून आला असता, तर दुसऱ्याच दिवशी अर्धी घरं बाजूला झाली असती. एकदा 'तो त्यांचा' असा शिक्का बसला की तुमच्या गडरची तक्रारही त्यांचीच होते.

घर रंगवताना भिंतीवरची पाण्याची रेघ मी मुद्दाम ठेवली आहे. साडेतीन फूट. कोणत्याही पक्षाच्या माणसाने येऊन मोजावी, चहा देतो. पण माझ्या दारावर स्टिकर लावू नका.

तर्री जास्त

मानेवाडाकर भाऊ, तुम्ही एक दिवस टेबलावर बसले अन् लागले ज्ञान वाटायले. मी बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या. म्हणजे खरोखरच उचलल्या बाप्पा, कस्तुरचंद पार्कातली सभा आटोपली की सतरंजी झटकाची, गुंडाळाची, टेम्पोत टाकाची, अन् मोजून द्याची, नाहीतर मंडपवाला पैसे कापते. घरी जाता जाता रात्रीचे दोन.

आठ वर्षं वार्ड बांधला. मयत असो की बारसं, पह्यला मी. कोणाचा पोरगा मेडिकलमधी भरती, रक्त पाह्यजे, रात्री फोन मले. अन् अर्ज भराच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या तिकिटाचा कागद, गेला त्याच्या खिशात, जो दिवाळीपर्यंत दुसऱ्या पक्षात होता. मले सांगतलं, 'तू तर घरचाच हाय.' घरच्याले पोहे, पाहुण्याले तर्री.

राजेहो, पक्षात जाच असन तर जा. पण तिकडे आपलं कोणी ऐकते, हे डोक्यातून काढून टाका.

इंदोऱ्याची

तिघांचंही वाचलं. अराजकीय राहावं की पक्षात जावं, हा प्रश्नच ज्यांची रजिस्ट्री झालेली आहे त्यांचा आहे. आमच्या वस्तीत घराखालची जमीन नावावर व्हावी, पट्टा मिळावा, म्हणून लोक वर्षानुवर्षं फिरले. मोजणीवाले येणार म्हणून माझ्या आईने दोन दिवस कामावर सुट्टी टाकली. ते आले तिसऱ्या दिवशी, आणि शेजारणीने आमच्या घराचा कोपरा दाखवून माप घ्यायला लावलं. तिचा घरनंबर आईने आधीच कागदावर लिहून ठेवला होता, तसा तिने आमचा. याला तुम्ही काय म्हणाल? समाजकार्य?

आमच्याकडे राजकारण ही शिवी नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पाणी, जेवण, हरवलेली पोरं, हे सांभाळणाऱ्यांतले बहुतेक बिनपगारी. १ जुलै २०२४ ला तिथल्या भूमिगत पार्किंगच्या विरोधात लोक जमले आणि त्याच दिवशी विधानसभेत स्थगिती जाहीर झाली. तोडफोडही झाली, ती लपवत नाही. पण त्या दिवशी आलेली माझी मावशी कोणत्याच पक्षाची सभासद नाही, आणि तिला अराजकीय म्हणून बघा, काय ऐकवते!

आणि मानेवाडाकर दादा, त्या टेबलावर बाई किती होत्या? बचत गटाच्या बायका सभेत खुर्च्या भरायला चालतात. लाल पेन मात्र कायम पुरुषाच्या हातात.

मानेवाडाकर

शून्य. चहा दोन ताईंनी आणला. लिहितानाच लाज वाटली.

नदीकाठीकर, शिक्क्याचं म्हणणं मान्य. माझ्या बाबतीत झालंच आहे, समोरचे काका आता नमस्कार घेत नाहीत. पण कोर्टाने आदेश दिला तरी नदीची भिंत बांधायचा पैसा मनपाच्या बजेटमधूनच निघतो ना? त्या बजेटला हात वर करणारे १५१ जण आम्ही-तुम्ही निवडतो. त्यांना तुमच्या घरातली साडेतीन फुटांची रेघ ठाऊक असावी, एवढंच म्हणतोय.

दहा रुपयांचं तिकीट

पक्ष नको, मोर्चा नको. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे, अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि बसा. मी आमच्या सिमेंट रोडचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका मागवली. जुना थर खरवडून काढायचा, असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. कोणी खरवडलाच नाही, वरूनच ओतला. रोड उंच का झाला याचं उत्तर एका पानात.

तर्री जास्त

मंग? खाली आला का रोड?

दहा रुपयांचं तिकीट

अपील सुरू आहे.

तर्री जास्त

कवापासून?

दहा रुपयांचं तिकीट

चौदा महिने.

तर्री जास्त

हाव ना बाप्पा. मी म्हणतो, पोळ्याच्या पाडव्याले तुमच्या रोडचा बडग्याच काढू, म्हणजे मिरवणुकीत फिरवून जाळाचा पुतळा. 'घेऊन जा गे मारबत!' काळ्या मारबतीचा पुतळा १८८१ चा, पिवळीचा १८८५ चा. म्हणजे काळी तर काँग्रेसपेक्षाही चार वर्षांनं मोठी. तिच्या सामने सगळे पक्ष पोट्टेच.

नाग नदीकाठी

बडग्याला मी पाचशे रुपये देतो. पावती नको, फक्त त्याच्या छातीवर कोणाचा वाढदिवसाचा फ्लेक्स लावू नका.

मुद्द्यावर येतो. बजेटचं पटलं, बाकी नाही. तुमच्या यादीचं काम चांगलं होतं, पण ते पक्षाच्या टेबलावरूनच करायची काय गरज होती? हेच काम मतदानाच्या आधी सहा महिने, बीएलओसोबत (यादी सांभाळणाऱ्या बूथ अधिकाऱ्यासोबत), बिनझेंड्याने झालं असतं तर ती सून मत देऊ शकली असती. मनपाला यादी विधानसभेचीच वापरतात, ठरलेल्या तारखेला जी असेल ती. मतदानाच्या दिवशी नाव नाही हे कळून उपयोग काय?

मानेवाडाकर

तेव्हा यादी बघायची कोणाला सुचली? मला टेबलावर बसल्यावर सुचली. पक्षाने बसवलं म्हणून बसलो. ग्रुपवर 'चला, यादी तपासू' असं टाकलं असतं तर ॲडमिनने राजकीय म्हणून उडवलं असतं.

इंदोऱ्याची

हे खरं असेल. आमच्याकडे विहारात यादीचं वाचन होतं, नाव नसेल तर तिथेच आरडाओरडा. तुमच्या लेआउटमध्ये असं एकत्र बसायला जागा तरी आहे का? देऊळ असेल.

त्या उमरेडच्या ताईंचं पुढे काय झालं?

मानेवाडाकर

देऊळ आहे, किल्ली ट्रस्टीकडे.

तिचा फॉर्म ८ भरायचा आहे, पत्ता बदलाचा. ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि तो बुटीबोरीला रात्रपाळीत. रविवारी दोघंही सापडतील. बायकोला म्हटलं, तूही चल, लाल पेन तुझ्याकडे. ती म्हणाली, आधी चहा तू कर.

तर्री जास्त

रविवारी मीबी येतो. दुपट्टा घरी ठेवतो.

नाग नदीकाठी

आणि ते अकरा भाडेकरू? ग्रुपमध्ये घेतले का?

मानेवाडाकर

नाही अजून. ॲडमिन म्हणतो, आधी घरमालकांची मीटिंग लावावी लागेल.