गणवेशाचा धंदा, सव्वादोनशे जुन्या पार्ट्या: सीआरएम घ्यायचं तर कुठलं?

गणवेशवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शाळेच्या गणवेशाचं युनिट आहे. कटिंग स्वतःचं, शिलाई थोडी आत आणि बरीच बाहेर जॉबवर. माल जातो गुलबर्गा, विजापूर, हैदराबाद, लातूर, नांदेडकडं. बहुतेक दुकानदार, काही थेट शाळा. सगळ्या मिळून सव्वादोनशेच्या आसपास पार्ट्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त वडिलांच्या काळापासूनच्या.

हिशेब टॅलीत आहे, तिथं काही अडत नाही. अडतं ते बिल फाटायच्या आधीचं. कुणाला कुठलं शेड कार्ड (कापडाच्या रंगांचे नमुने) गेलं, कुणी सॅम्पल ठेवून घेतलं, कुठल्या शाळेनं यंदा चेक्स बदलले, फोनवर भाव काय सांगितला होता. ही माहिती तीन ठिकाणी आहे: वडिलांची वही, माझं व्हॉट्सॲप आणि आमच्या अण्णांचं डोकं. अण्णा म्हणजे आमचे फिरते सेल्समन. हैदराबादच्या पार्टीशी तेलुगूत बोलतात, गुलबर्ग्याशी कन्नडमध्ये, आणि ऑफिसात येऊन आम्हाला मराठीत सांगेपर्यंत निम्मं वाटेत सांडलेलं असतं. आता वय झालं, पुढच्या सीझननंतर घरी बसणार म्हणतात. तेव्हा जाग आली.

गेल्या आठवड्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस सीआरएमचा, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, डेमो देऊन गेला. स्क्रीनवर रंगीत रकाने, एक लीड (म्हणजे होऊ शकणारं गिऱ्हाईक) माउसनं उचलून या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचं, मग फनेल (चौकशीपासून ऑर्डरपर्यंतचे टप्पे), मग कन्व्हर्जन. वडील अर्धा तास शांत बसून बघत होते. शेवटी एवढंच विचारलं, “ह्यात लातूरची पार्टी कुठाय?” त्याला काही सांगता आलं नाही.

रेट दर युजरमागे महिन्याचा सांगतात, पैसे मात्र वर्षाचे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. पैशाचं एक वेळ बघता येईल. पण आमच्यासारख्याला ह्याची गरज आहे का, आणि असली तर निवडताना नेमकं बघायचं काय? वापरणारे चौघंच: मी, वडील (फक्त बघणार), ऑफिसमधली मुलगी आणि अण्णा.

नवीपेठ_मोबाइल

झोहो सीआरएम घ्या. तीन युजरपर्यंत फुकट आहे. वडिलांना तुमच्या लॉगिनवर दाखवा. विषय संपला.

टॉवेल_ताई

दादा, विषय एवढ्यात संपत नाही. आमचा टेरी टॉवेलचा धंदा, हॉटेलं आणि हॉस्पिटलांना माल देतो, त्यामुळं तुमचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला दाखवलेला डेमो फ्लॅट विकणाऱ्यांसाठी नाहीतर क्लासवाल्यांसाठी ठीक आहे. त्यांच्याकडं रोज नवीन माणूस येतो, एकदा घेतो आणि जातो. तुमच्याकडं तीच पार्टी दर वर्षी येते. तुमचा धोका नवीन लीड सुटण्याचा नाही, जुनी पार्टी गुपचूप दुसरीकडं जाण्याचा आहे. ती भांडून जात नाही. फक्त एका वर्षी तिचा फोन येत नाही, आणि सीझनच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. जूनमध्ये टॅली बघितल्यावर कळतं.

म्हणून पुढच्या डेमोवाल्याला खुर्चीवर बसवायच्या आधी एकच काम सांगा: “गेल्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये ऑर्डर दिलेल्या आणि यंदा अजून कुणीच न बोललेल्या पार्ट्या दाखव, गावाप्रमाणे लावून.” ही यादी दोन-तीन क्लिकमध्ये निघाली तर पुढं बोला. “कस्टमायझेशन करून देऊ, वेगळा चार्ज लागेल” म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. वडिलांनी विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता, ह्याच जातीचा होता.

दुसरं, रकाने कमी ठेवा. कंपनीवाले चाळीस रकाने देतात, भरत कुणीच नाही. आमच्याकडं पार्टीचं नाव, गाव, मोबाइल, खरा ठरवणारा माणूस, माल (आम्हाला साइज आणि जीएसएम म्हणजे कापडाचं वजन, तुम्हाला शेड नंबर आणि पॅटर्न), शेवटचं बोलणं काय झालं आणि पुढचा फोन कधी, एवढेच आहेत. ‘खरा ठरवणारा’ हा रकाना तयार सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर तो स्वतः टाकून घ्या. शाळेत मुख्याध्यापक गोड बोलतात आणि कापड ठरवतो संस्थेचा सचिव, हे तुम्हाला मी काय सांगायचं. तुम्ही अजून एक टाका: शाळा कधी उघडते. कर्नाटकातल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, महाराष्ट्र आणि तेलंगणातल्या जूनच्या मध्यावर, विदर्भातल्या त्याहून उशिरा. म्हणजे गुलबर्ग्याच्या पार्टीला नांदेडच्या आधी फोन गेला पाहिजे. अण्णांच्या डोक्यात हे वेळापत्रक आहे, कागदावर नाही.

‘पुढचा फोन कधी’ हा रकाना सक्तीचा करा. तारीख टाकल्याशिवाय नोंद सेव्हच होऊ द्यायची नाही. बाकी सगळं रिकामं राहिलं तरी मला चालतं.

तिसरं, नावं. ह्यात मी अक्षरशः रडलेय. एकच दुकान, पण आमच्या ऑफिसमधल्या मुलीनं इंग्रजीत ‘श्री’चं स्पेलिंग एकदा आयनं केलं, एकदा डबल ईनं, आणि हैदराबादच्या बिलावरून उतरवताना एचच गाळला. सॉफ्टवेअरला त्या तीन पार्ट्या. एकीवर जुना भाव, एकीवर तक्रार, एकीवर ऑर्डर. त्यामुळं नावावर कधीच भिस्त ठेवू नका, मोबाइल नंबर हीच ओळख धरा आणि तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ नये अशी सेटिंग आहे का ते बघा. मोठ्या पार्टीची चार दुकानं असतील तर जीएसटी नंबर कामाला येतो. १५ अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. गुलबर्ग्याचं आणि हैदराबादचं दुकान एकाच मालकाचं आहे का, हे पॅनवरून लगेच कळतं. एकाला एक भाव आणि दुसऱ्याला दुसरा सांगून तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

येणे बाकी मात्र सीआरएममध्ये लिहूच नका. ती टॅलीतच राहू दे. दोन ठिकाणी आकडे ठेवले की महिन्याभरात त्यांची फारकत होते, मग पार्टीसमोर कुठला खरा धरायचा? अण्णांना टूरला निघायच्या आदल्या दिवशी टॅलीतून त्या गावांची बिलवार बाकी काढून द्या, पुरतं.

आम्ही स्वतः झोहोचंच बिगिन वापरतो. २०२० मध्ये लहान धंद्यांसाठी काढलंय, मोठ्या सीआरएमपेक्षा पसारा कमी. त्यातही तो फनेल आहेच, आम्ही तिकडं बघत नाही.

चाटीगल्ली_चादरवाला

ताई, एवढं कशाला? व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे. लेबलं लावा: ‘सॅम्पल गेलं’, ‘भाव सांगितला’, ‘ऑर्डर आली’, ‘पैसे बाकी’. कॅटलॉग टाका. एक फोन आणि वर चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवरपण तेच दिसतं. पार्टी तिथंच बोलते, तिथंच फोटो पाठवते. दुसऱ्या जागी लिहायला वेळ कुणाला आहे बे? माझं दुकान ह्याच्यावरच चाललंय.

मगरपट्टा_मूळ_सोलापूर

चादरवाल्या मालकांचं किरकोळ दुकानासाठी पटतं. गणवेशवाल्यांना दोन ठिकाणी अडेल. लेबलं वीसच करता येतात आणि ती आज काय स्थिती आहे ते सांगतात, मागच्या वर्षी काय होती ते नाही. ताईंनी सांगितलेली ‘यंदा न बोललेल्या पार्ट्या’ ही यादी त्यातून निघत नाही. दुसरं म्हणजे ब्रॉडकास्ट. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. नवीन शेड कार्ड पाठवलं आणि कुणी विचारलंच नाही, असं होतं त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

सीआरएमला व्हॉट्सॲप जोडून देतो म्हणणारे भेटतील. ती एपीआयची (दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायच्या सोयीची) भानगड आहे. पार्टीच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणानं बोलता येतं, त्यापुढं आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच पाठवता येतं आणि जाहिरातीच्या टेम्प्लेटला पैसे पडतात. सव्वादोनशे पार्ट्यांना त्याची गरज नाही. पहिल्या वर्षी तरी त्यात पडू नका.

मी ह्याच क्षेत्रात आहे म्हणून ईआरपीनेक्स्टचंही सांगतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स, त्यात सीआरएमपासून स्टॉकपर्यंत सगळं आहे आणि युजरमागे लायसन्सचा खर्च नाही. पण सर्व्हर कोण सांभाळणार, बॅकअप कोण घेणार, अपडेटनंतर काही बंद पडलं तर मे महिन्यात रात्री कुणाला उठवणार? चार माणसांच्या ऑफिसात हे काम भाच्यावर येतं आणि भाचा पुण्याला नोकरीला लागतो. मी तोच भाचा आहे.

काहीही घ्या, दोन गोष्टी पैसे द्यायच्या आधी करून बघा. तुमच्या खऱ्या पंचवीस-तीस पार्ट्या एक्सेलमधून आत टाकायला लावा, नकली डेटावर डेमो बघूच नका. आणि लगेच तिथंच तो डेटा परत बाहेर काढून दाखवायला सांगा. फक्त नाव-नंबर नाही, नोंदी आणि तारखांसकट. आत जाताना पायघड्या असतात, बाहेर पडताना ‘सपोर्टला मेल करा’ सांगतात.

अण्णा वापरतात ते सिम कुणाच्या नावावर आहे?

गणवेशवाला_सोलापूर

अण्णांच्या स्वतःच्या. वीसेक वर्षांचा नंबर आहे तो. अख्ख्या गुलबर्गा मार्केटमध्ये आमच्या फर्मपेक्षा तो नंबर जास्त माहीत आहे.

ताई, तुमचं सगळं पटलं, फक्त अण्णा टाइप करणार नाहीत हे लिहून देतो. बटणाचा फोन आता कुठं सुटलाय. आणि त्यांना ‘तुमच्या डोक्यातलं लिहून द्या’ म्हणायला मला जड जातं. वडिलांच्या बरोबरीचे आहेत, उद्या मनात आणतील की पोरगं आपल्याला घालवायच्या तयारीला लागलं.

टॉवेल_ताई

टाइप करायला सांगूच नका. आमच्याकडं असेच एक काका होते. संध्याकाळी ऑफिसमधली मुलगी त्यांना फोन करायची: आज कुणाकडं गेलात, काय म्हणाले, परत कधी जायचं? तेवढंच. ती ऐकत ऐकत भरायची. काकांना उलट बरं वाटायचं, दिवसभराचं कुणीतरी विचारतंय म्हणून. पार्टीसमोर फोन काढून टाइप करणारा माणूस आपल्या मार्केटमध्ये शोभतही नाही.

मनात आणण्याचं म्हणाल तर वडिलांना बोलू द्या. तुम्ही बोलू नका.

नंबरचं हळू घ्या. फर्मच्या नावावर नवीन सिम काढा, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, शेड कार्ड आणि एलआरचे (ट्रान्सपोर्टच्या पावतीचे) फोटो आतापासून त्याच नंबरवरून पाठवा. पार्टीला माल कुठल्या ट्रान्सपोर्टनं आला ते बघायचंच असतं, तेव्हा तो नंबर आपोआप सेव्ह होतो. अण्णांचा नंबर अण्णांकडंच राहू दे.

आणि हो, मार्चचं एक राहिलं. प्राप्तिकराचं ते ४३बी(एच), २०२३-२४ पासून लागू झालेलं. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस आणि नसेल तर १५, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर ही कटकट टाळायला पार्ट्या मार्चमध्ये म्हणतात, “माल एप्रिलमध्येच पाठवा.” असं कोण म्हणालं ते नोंदीत टाका. नाहीतर मार्चअखेर माल बांधून तयार आणि उचलायला कुणी नाही.

चाटीगल्ली_चादरवाला

हे मार्चचं आमच्याकडंपण लै झालंय. बाकी वीस लेबलांचं मला आजच कळलं. माझी सतरा झालीत.

गणवेशवाला_सोलापूर

सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. अण्णांशी तेच बोलणार आहेत.

आता असं ठरवलंय: दिवाळीनंतर ताईंचे रकाने, शिवाय शाळा उघडायची तारीख आणि पॅन, एवढं घेऊन साध्या गूगल शीटमध्ये सगळ्या पार्ट्या भरायच्या. मोबाइल नंबर दोनदा आला तर लाल होईल असं त्या मुलीनं आत्ताच करून दाखवलं. शीट नीट भरली गेली तर जानेवारीतली गड्डा यात्रा संपायच्या आत तीच फाइल बिगिनमध्ये आणि झोहो सीआरएमच्या फुकटवाल्यात टाकून बघतो, कारण त्यानंतर आमच्याकडं मान वर करायला फुरसत नसते. शीटच भरली गेली नाही, तर सॉफ्टवेअरचे पैसे वाचले.

डेमोवाल्याचा आज परत फोन आला होता. त्याला तीस पार्ट्यांची फाइल पाठवलीय आणि ताईंची ती यादी काढून मागितलीय. ‘टेक्निकल टीमला विचारून सांगतो’ म्हणाला.

ताई, एकच विचारायचं राहिलं. एकाच संस्थेच्या सहा शाळा आहेत, गणवेश वेगवेगळे, ठरवणारा सचिव एकच आणि मोबाइल नंबरपण त्याचाच. ह्यांना एक पार्टी धरू की सहा?

टॉवेल_ताई

संस्था एक पार्टी, सचिव तिचा संपर्क. सहा शाळा म्हणजे त्याखालच्या सहा ऑर्डरी, प्रत्येकीला स्वतःचा शेड नंबर आणि स्वतःची तारीख. बिगिनमध्ये कंपनी, कॉन्टॅक्ट आणि डील असे तीन थर आहेत, त्यात बरोबर बसतं. शीटमध्ये शाळांचं वेगळं पान करा आणि त्यात संस्थेचा नंबर टाका.