हेल्मेट असूनही मान का मोडते?

अमेरिकन फुटबॉलमध्ये एवढं जाड हेल्मेट असताना मानेचा मणका मोडतो कसा, असं वर विचारलंय. हेल्मेट कवटी वाचवतं, मान नाही. मानेच्या सात मणक्यांना पुढे फुगीर असा हलका बाक असतो, त्यामुळे धक्का स्नायूंत आणि मणक्यांमधल्या चकत्यांत वाटला जातो. हनुवटी साधारण ३० अंश खाली नेली की बाक जातो, मान काठीसारखी सरळ होते. तेव्हा टाळू आदळली तर डोकं थांबतं, मागून धड येतच राहतं आणि मधली मान चेपते. अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये १९७६ साली डोक्याने धडक मारण्यावर बंदी आली. त्या मोसमात हातपाय कायमचे लुळे पडलेले खेळाडू ३४ होते, १९८४ मध्ये ५.

कबड्डीत पोरं मान खाली घालून चढाईपटूच्या मांडीवर झेपावतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. खांदा लावा, नजर समोर ठेवा. उथळ विहिरीत सूर मारणाऱ्यांचंही हेच होतं. आणि कुणी असा पडला तर कृपा करून त्याला काखेत हात घालून उठवू नका. डोकं दोन्ही हातांनी आहे तसंच स्थिर धरा आणि अँब्युलन्ससाठी १०८ ला फोन लावा.