राइस कुकर: थोडा भात कोरडा आणि जास्त भात गिचका का होतो?

प्रश्न

माझ्याकडे एकाच बटणाचा साधा राइस कुकर आहे. त्यात एक माप तांदळाला दीड माप पाणी घातले की भात तळाला लागतो आणि दाण्यात कणी राहते; त्याच हिशेबाने चार मापांना सहा माप पाणी घातले, तर भाताचा गिचका होतो. तांदूळ तोच, भांडे तेच, धुण्याची पद्धतही तीच. मग पाण्याचा अंदाज कसा बांधावा?

प्रतिसाद 1

आपण दोन्ही वेळा एकच प्रमाण ठेवता, हेच याचे कारण आहे. कुकरमधले काही पाणी दाण्यांत मुरते आणि काही वाफ होऊन निघून जाते. मुरणारे पाणी तांदळाबरोबर वाढते. पांढऱ्या तांदळाला ते साधारण मापास माप लागते. वाफेचे पाणी मात्र भांड्याचे तोंड केवढे आहे, झाकण किती घट्ट बसते आणि उकळी किती वेळ चालते यांवर ठरते, त्यामुळे तांदूळ चौपट केला म्हणून ते चौपट होत नाही. म्हणून तांदळाइतके पाणी घेऊन त्यावर वाफेसाठी अर्धे ते पाऊण माप घालावे. एका मापाला पावणेदोन आणि चार मापांना पावणेपाच माप पाण्यापासून सुरुवात करून, पुढच्या खेपेला पाव मापाने कमी-जास्त करावे. धुतलेला तांदूळ नीट निथळला नसेल, तर त्यातले पाणीही हिशेबात येते, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

कणी राहण्याचे कारण कुकरच्या रचनेत आहे. साध्या कुकरला वेळ कळत नाही, तापमान कळते. तापणाऱ्या तबकडीच्या मध्यभागी जी स्प्रिंगवरची दाबली जाणारी चकती असते, तिच्यात लोहचुंबक असतो. तळाशी मोकळे पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. ते संपले की भराभर वाढते, चुंबकाची ओढ नाहीशी होते आणि बटण टक् करून वर येते. म्हणजे बटण उडाले याचा अर्थ तळाचे पाणी संपले एवढाच. दाणा शिजला की नाही, हे त्याला ठाऊक नसते. कमी पाण्यात ते लवकर उडते आणि दाणा आतून कच्चट राहतो. तांदूळ अर्धा तास भिजवून लावल्यास ही तक्रार बरीच कमी होते.

प्रतिसाद 2

माप कोणते वापरता, तेही तपासावे. कुकरबरोबर येणारे माप बहुधा 180 मिलिलिटरचे असते, तर स्वयंपाकातला नेहमीचा कप 240 किंवा 250 मिलिलिटरचा. भांड्याच्या आतल्या रेषा त्या लहान मापाने घेतलेल्या तांदळासाठी आखलेल्या असतात. तांदूळ मोठ्या कपाने घेऊन पाणी रेषेपर्यंत भरले, तर ते कमीच पडणार.

प्रतिसाद 3

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. बटण उडाल्यावर झाकण लगेच उघडू नये, ही माझी भर. तेव्हा वरचा थर ओलसर आणि तळ कोरडा असतो, त्यामुळे वरच्या शितावरून तळाच्या भाताची परीक्षा होत नाही. दहा-पंधरा मिनिटे वाफेवर मुरू द्यावा आणि मग चपट्या उलथन्याने, दाणे न मोडता, तळापासून वर-खाली करावा.

भांडे ठेवण्यापूर्वी त्याचा बाहेरचा तळ कोरडा पुसावा. तबकडीवर एखादे वाळलेले शीत चिकटले असले, तरी भांडे किंचित अधांतरी राहते आणि बटण अवेळी उडू शकते.

प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. माप खरोखरच मोठे आहे. उरलेला भात रात्रभर गरम ठेवण्याच्या बटणावर राहिला, तर चालतो का?

प्रतिसाद 3

साध्या कुकरमध्ये मी ठेवणार नाही. भात कडेने सुकतो, पण खरी अडचण वेगळीच आहे: ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकून राहू शकतात आणि भात 60 अंशांच्या खाली कोमट राहिला की त्यांतून निघालेले जिवाणू वाढू लागतात. जेवणे आटोपली की उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा.