संमतीने घटस्फोट झाला आहे, मुलीची पोटगी वाढवून मागता येते का?

नमस्कार. २०१७ मध्ये आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला (हिंदू विवाह कायदा, कलम १३ब). मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, माझ्याकडेच राहते. मी स्वतःसाठी काही मागितलं नाही, मुलीसाठी दरमहा ८,००० रुपये ठरले. ते आजवर वेळेवर येतात हे आधीच सांगते, उणीदुणी काढायला हा धागा नाही.

पण मुलगी आता अकरावी सायन्सला आहे. कॉलेजपेक्षा क्लासची फी जास्त. दरवर्षी वाढ देण्याचं कलम कन्सेंट टर्म्समध्ये (घटस्फोटासाठी दोघांनी सही केलेल्या अटींमध्ये) नाही. दरम्यान त्याला बढती मिळाली, त्याने पुन्हा लग्न केलं, तिथे लहान मुलगा आहे. माझी नोकरी आहे, पगार बेताचा.

बोलून पाहिलं. "सही केलीस तेव्हाच विषय संपला," एवढंच उत्तर. आणि टर्म्समध्ये खरंच लिहिलंय की पुढे कोणीही कोणाकडे आर्थिक मागणी करणार नाही. ही ओळ मुलीलाही लागू होते का? अर्ज कुठे करायचा? आणि मी कोर्टात गेले तर तो उलट ताब्याचा दावा लावेल का, ही धास्ती आहेच. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद
ताई, ती ओळ फार तर तुमच्या स्वतःच्या पोटगीला आड येईल. मुलीचा हक्क तुम्ही सही करून सोडू शकत नाही. अल्पवयीन मुलांचा ताबा, पालनपोषण, शिक्षण याबाबत घटस्फोटानंतरही आदेश बदलता येतात, त्यासाठी कलम २६ आहे. (कलम २५(२) मध्येही परिस्थिती बदलल्यास फेरफार होतो, पण तो पती-पत्नीच्या पोटगीचा.) ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला तिथेच अर्ज करा. दुसरीकडे नवा दावा लावून गुंता वाढवू नका.

ताब्याचं म्हणाल तर सोळा वर्षांच्या मुलीला न्यायाधीश स्वतः विचारतात. नुसत्या धमकीने काही होत नाही.

प्रतिसाद
मी पोटगी देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरी बाजू. 'पगाराच्या २५ टक्के मिळतात' असं सगळीकडे ऐकू येतं. ते ज्या निकालावरून आलं (कल्याण डे चौधरी, सर्वोच्च न्यायालय, २०१७) त्यातच नवऱ्याचं दुसरं लग्न आणि नवं मूल लक्षात घेऊन रक्कम २३,००० वरून २०,००० केली होती. त्यामुळे त्याचा लहान मुलगा हिशेबात येणार. तुमचा पगारही येणार. टक्केवारी धरून बसण्यापेक्षा मुलीच्या खर्चाच्या पावत्या लावा, त्यांच्याशी वाद घालणं अवघड जातं. स्वानुभव!

धागाकर्ती
दोघांचे आभार. पावत्या आहेत. पण त्याचा आताचा पगार मला फक्त ऐकून माहीत आहे, तो सिद्ध कसा करू?

प्रतिसाद
तो सगळा भार तुमच्यावर नाही. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्याने आकडा लपवला असं वाटलं तर पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे हजर करायला लावा असा अर्ज देता येतो. तुमच्या शपथपत्रात मात्र काही दडवू नका, शिकवण्या घेत असाल तर त्याही लिहा.

वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

शेवटचं म्हणजे तारीख. कलम २६ अल्पवयीन मुलांसाठी आहे. अठरा झाल्यावरही अविवाहित मुलीला स्वतःचा खर्च भागवता येत नसेल तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली मागता येतं, पण तेव्हा अर्जदार ती स्वतः असेल आणि वडिलांविरुद्ध कोर्टात तिला उभं राहावं लागेल. शिवाय अर्जाच्या तारखेआधीची वाढ मिळेल असं धरून चालू नका. बोलणी चालू ठेवायची तर ठेवा, पण अर्ज आधी दाखल करा.